हिंगणदऱ्याचे एक्केचाळीस अर्ज

पंचवटी, नाशिक
११ जानेवारी १९९८

हिंगणदरा तलावावरून उठवलेल्या एक्केचाळीस घरांतल्या माणसांनो, आणि सगळ्यांच्या आधी गोजराबाई,

आपली तक्रार एकच आहे. ज्या पाण्यावर तुम्ही जगलात, ते पाणी तुम्हालाच गुन्हेगार ठरवून तुमच्याकडून काढून घेतलं.

हे पत्र मीना वाचेल. मीना, सून आहेस म्हणून सासूच्या कानाशी हळू वाचू नकोस. गुजरातेत, तापीच्या त्या धरणावर, मासळीच्या ठेकेदाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये आपली जितकी माणसं असतील तितकी गोळा कर आणि खणखणीत वाच. वाडीतली एकटी तू दहावी झालीस, ते कामाला येऊ दे.

एकसष्ट साली सरकार सिन्नरच्या अंगाला आलं आणि म्हणालं, देशाला धान्य पाहिजे, कालवे पाहिजेत, तुमचं गाव द्या. तुम्ही दिलंत. नदीकाठची काळी जमीन पाण्याखाली गेली आणि बदल्यात वरच्या माळावरचं मुरमाड मिळालं. त्यात कुसळंही धड येईनात, तेव्हा तुमचे बाप आपल्याच बुडालेल्या शेतांवर तराफे घेऊन गेले आणि मासे धरू लागले. सदतीस वर्षं हेच चाललं. आता तेच सरकार म्हणतं, देशाला पाखरं पाहिजेत. तलावाचं पक्षी अभयारण्य झालं आणि तुमचं जाळं शिकारीचं हत्यार झालं. धान्याला जागा पाहिजे, हला. पाखरांना जागा पाहिजे, हला. या देशाला जे जे लागतं ते नेमकं हिंगणदऱ्यातच कसं सापडतं, हे मला कुणीतरी सांगावं.

मी गेल्या आठवड्यात तिकडे जाऊन आलो. तुमचे थर्माकोलचे तराफे वनखात्याच्या चौकीमागे रचून ठेवले आहेत, वर बकऱ्या उड्या मारतात. काठावर लोखंडी मनोरा उभा राहिला आहे. रविवार होता. नाशिकच्या चार मोटारी आल्या होत्या. गळ्यात दुर्बिणी, डोक्यावर टोप्या. त्यातल्या एका बाईने मला विचारलं, "काका, इथे ताजे मासे कुठे मिळतात हो?" मी म्हणालो, "बाई, मासे आहेत. ज्यांना ते धरता येतात त्यांना इथून घालवलंय." ती म्हणाली, "अय्या, का?" मी पाऊण तास सांगितलं. ती माणसं पाच मिनिटांनी मनोऱ्यावर चढली. उरलेली चाळीस मिनिटं मी त्यांच्या ड्रायव्हरला सांगितलं.

आणि ओढ्याच्या तोंडाशी काय चाललंय, तेही ऐका. वरच्या अंगाच्या कारखान्याचं काळं पाणी पौषात पुन्हा सुटलं. त्यात पाच उघड्या चोचीचे करकोचे मरून पडलेले मी स्वतः मोजले. पोटं वर करून पडलेले शिवडे मासे मोजता येत नव्हते. त्या कारखान्याला नोटीस नाही. काठावरच्या द्राक्षबागांमधून जे औषध पावसाबरोबर तलावात उतरतं, त्यालाही नाही. कायद्याच्या हाती लागलं ते तुमचं जाळं. तुम्ही तर बाभळीच्या बेटावर घरटी असतात म्हणून माघापासून तिकडे तराफा नेत नव्हता. मासे चढणीला लागले की ओढ्याच्या तोंडाशी जाळं लावणाऱ्याचा तराफा वर्षभर उलटा करून ठेवायचा, हा नियम तुमच्या पंचांनी घातला होता. त्या वेळी वनखातं हे नाव तरी या काठावर कुणी ऐकलं होतं का?

आता कामाचं. गेल्या ऑक्टोबरात कलेक्टरांचा जाहीरनामा निघाला: अभयारण्याच्या हद्दीत कुणाचा काही हक्क असेल तर त्याने दोन महिन्यांत लेखी मागावा. डिसेंबरात मुदत संपली. आपल्याकडून एकही अर्ज गेला नाही, म्हणून आपला हक्कच नाही, असं कागदावर झालं. पुढच्याच आठवड्यात तराफे उचलले. अर्ज का गेले नाहीत तो विषय वेगळा. मी प्रांतसाहेबांकडे, म्हणजे या चौकशीचं काम ज्यांच्याकडे दिलंय त्या अधिकाऱ्याकडे, तक्रार दिली आहे की जाहीरनामा वाडीत पोचलाच नाही, दवंडी झालीच नाही. लोकांना माहीत नव्हतं, तर मुदत कसली?

तुम्ही सगळ्यांनी तसंच लिहून अंगठे पाठवा. पहिला अंगठा गोजराबाईंचा पाहिजे. त्या बोलल्या की वाडी बोलली.

तुमचा
दिवाकर मास्तर

---

पंचवटी
४ फेब्रुवारी १९९८

गोजराबाई,

तुमचं कार्ड मिळालं. अक्षर मीनाचं, शब्द तुमचे. ते इथे उतरवतो, म्हणजे आपण काय लिहिलंत ते तुम्हालाही पुन्हा ऐकू येईल.

"मास्तर, दवंडी झाली. कोतवाल गेणू माझ्या दारात डफडं वाजवून गेला. मी त्याला चा पाजला. त्याला नोकरी हाय, लेकरं हायेत. मी खोटा अंगठा देनार नाय. हिकडं बरं हाय. पानी लय मोठं हाय, पन आपलं नाय. गोजरा."

बरं. म्हणजे सरकारने सदतीस वर्षांत तुम्हाला जे जे सांगितलं ते खोटं निघालं तरी चालेल. पुनर्वसनात पाणी देऊ म्हणाले, दिलं नाही. प्रत्येक घरातल्या एकाला पाटबंधाऱ्यात लावू म्हणाले, एक पहारेकरी लावला, तोही इगतपुरीचा. ती सगळी खोटी वचनं पचली. आणि तुमच्या एका अंगठ्याने तुमचा धर्म बुडतो?

मी आयुष्यभर वाचलं आहे. आयर्लंडच्या बटाट्याच्या दुष्काळापासून बंगालच्या भुकेपर्यंत, कुठल्या सरकारने कुठल्या माणसांच्या तोंडचा घास कोणत्या कलमाखाली काढला हे मी झोपेतही सांगेन. सगळीकडे एकच दिसतं. वरच्यांकडे कागद असतो आणि खालच्यांकडे सचोटी. कागद जिंकतो. म्हणून एकदा तरी आपण त्यांच्यासारखा कागद करावा, एवढंच माझं म्हणणं होतं.

गेणूकडेही गेलो होतो. त्याला म्हटलं, तू दवंडी दिलीस म्हणतोस, पाहिलं कुणी? तो ओट्यावर बसून पायात चप्पल घालत होता. म्हणाला, "मास्तर, मी डफडं वाजवलं तवा तुमी पारावरच बसलेले होते. मला म्हनले, गेणू, जरा हळू बडव, माझं भाषण चालू हाय."

बाजूला त्याची बायको सखुबाई तांदूळ निवडत होती. ती खाली मान घालून हसली. मला ते हसू अजून टोचतं आहे.

असेल. मी पारावर असेनही. माझा मुद्दा तो नाही. कोणत्या भाषेत लिहिला होता तो जाहीरनामा? 'उपरोक्त क्षेत्रातील अधिकार धारण करणाऱ्या सर्व इसमांस'. तुमच्यापैकी कोण स्वतःला 'अधिकार धारण करणारा इसम' समजतो? असं बोललेलं पोचलं असं मी मानत नाही. तुमच्या कानावर डफडं आलं, अर्थ आला नाही.

तुम्ही म्हणाल, मास्तर, अर्थ आला होता. मीनाने वाचून सांगितला होता. ठीक आहे. नोव्हेंबरातल्या त्या सभेत माझा तोल गेला असेल, शब्द कमीजास्त झाले असतील. पण त्या रागापायी तुम्ही एक्केचाळीस घरांचं पाणी सोडणार का?

अंगठा पाठवा. वाट पाहतो.

दिवाकर मास्तर

---

पंचवटी
२५ फेब्रुवारी १९९८

गोजराबाई,

तुम्ही उत्तर दिलं नाहीत, तरी मी लिहितो आहे, कारण आज जे झालं ते तुम्हाला सांगितलं नाही तर मला जेवण जाणार नाही.

प्रांतसाहेबांनी बोलावलं होतं. मी दोन पिशव्या भरून कागद घेऊन गेलो. गौरांग बरोबर होता. तुम्ही त्याला पाहिलं आहे, आपल्या संघटनेचं कोर्टाचं काम बघणारा तरुण वकील, तराफ्यावर पाय ठेवताच पाण्यात गेला तो. प्रांतसाहेब वयाने माझ्या विद्यार्थ्याएवढे. आवाज चढवत नाहीत. असा माणूस मला आधीच आवडत नाही.

म्हणाले, "सर, दवंडी झाली नाही असं तुमचं म्हणणं आहे?"

मी म्हणालो, "झाली नाही. आणि झाली असली तरी..."

त्यांनी फाइल उघडून माझ्याकडे वळवली. दवंडीचा पंचनामा. पाच अंगठे, दोन सह्या. दुसरी सही माझी. खाली माझ्याच अक्षरात चार ओळी: 'हा जाहीरनामा म्हणजे लोकांची थट्टा असून मी त्याचा तीव्र निषेध नोंदवत आहे. दि. द. पाटणकर, निवृत्त शिक्षक.'

निषेध नोंदवण्याची मला इतकी घाई होती की दवंडी झाल्याच्या कागदावर मी साक्षीदार म्हणून सही करतो आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

गौरांगने खिडकीबाहेर पाहिलं.

गोजराबाई, तुमचा अंगठा माझ्या तक्रारीवर आला असता तर त्याच टेबलावर तुम्ही खोट्या ठरल्या असता, आणि गेणूची नोकरी गेली असती. तुम्ही नाही म्हणालात म्हणून ते टळलं.

मी उठलो. मी म्हणालो, "मग संपलं. तुमचा कायदा जिंकला."

ते म्हणाले, "कायदा तुम्ही वाचलाय का?"

मी आयुष्यात पुष्कळ अपमान सोसले. संपात नोकरी गेली तेव्हा, सभेत अंडी फेकली तेव्हा. हा प्रश्न मात्र मला कुणी विचारला नव्हता. त्यांनी एक पातळसं पुस्तक पुढे सरकवलं आणि बाविसावं कलम दाखवलं. मराठीत त्याचा अर्थ एवढाच की, ज्यांनी मुदतीत हक्क मागितला त्यांची चौकशी अधिकाऱ्याने करायची, आणि ज्यांनी मागितला नाही त्यांचाही हक्क आहे का, हे सरकारी दप्तरातून आणि माहितगार माणसाच्या साक्षीतून शोधायचं. अर्ज नसला तरी शोधायचं. ते त्याचं काम आहे, उपकार नव्हे.

त्याच पुस्तकात पुढे कुठे, मागे कुठे, मी उभ्या उभ्याच वाचत गेलो. त्या कायद्याच्या व्याख्येत जमीन म्हणजे फक्त माती नव्हे. तलाव, ओढा, नदी हीसुद्धा जमीनच. तुमच्या शेतावर पाणी आलं म्हणून तुमचा त्या जागेशी संबंध संपला, असं सगळे अधिकारी सदतीस वर्षं सांगत आले. आणि चौकशीत हक्क सिद्ध झाला तर मुख्य वन्यजीव रक्षकांशी बोलून तो अभयारण्यातही चालू ठेवता येतो, अशी दुरुस्ती एक्क्याण्णव साली झालेली आहे. सात वर्षं ती तिथे छापलेली पडली होती. कुणी तुम्हाला सांगितलं? वनखात्याने नाही, महसूलने नाही. पंचवटीतल्या एका वाचनवेड्या म्हाताऱ्यानेही नाही. त्याने आयर्लंड वाचलं होतं.

माझा संताप कमी झालेला नाही. उलट वाढला आहे. हे लोक कायद्यात दार ठेवतात आणि दाराची जागा कुणाला कळणार नाही अशा शब्दांत लिहितात. दोन महिन्यांची मुदत डफडं वाजवून सांगतात आणि मुदतीनंतरही चौकशी करायची असते ही गोष्ट कपाटात ठेवतात.

मी लगेच बोलायला सुरुवात केली. प्रांतसाहेबांनी हात वर केला.

"सर, तुम्ही नको. तुम्ही तिथे कधी जाळं टाकलंय?"

"नाही."

"कुठे कोण टाकतं, ठाऊक आहे?"

"ढोबळमानाने."

"ढोबळ मला पुरायचं नाही. त्या पाण्यात कुणाची जागा कुठली, ती त्याच घराची का, कधीपासून, हे दाखवणारं माणूस पाहिजे. मी होडीत बसून यायला तयार आहे. पण लवकर. सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या अभयारण्यांची चौकशी वर्षभरात उरका म्हणून सांगितलंय. मार्चअखेर माझा अहवाल जाणार. कुणी आलं नाही तर 'हक्क नाहीत' असं लिहून जाईल. मग ते पाणी कायमचं बंद."

तीस मार्चची तारीख दिली आहे. त्या पाण्याची खडान्‌खडा माहिती कुणाला आहे, हे मला सांगायची गरज नाही. तुम्ही या.

दिवाकर पाटणकर

---

पंचवटी
१० मार्च १९९८

गोजराबाई,

मीनाचं कार्ड आलं. एकच ओळ: "आत्या म्हणतात, अर्ज भरले होते त्याचं काय?"

दोन दिवस मी ते कार्ड पुस्तकाखाली ठेवलं. आज काढलं. मीना, हेसुद्धा सगळ्यांसमोर वाच. विशेषतः हे.

नोव्हेंबरात मी सभा घेतली ती वाडीच्या पारावर. त्याआधी चार दिवस गोजराबाई आणि मीना घरोघर फिरत होत्या, हे मला ठाऊक नव्हतं. सिन्नरहून आणलेले छापील अर्ज मीनाने भरले होते. एक्केचाळीस. छापील अर्जात जागेचा सर्व्हे नंबर मागितला होता. पाण्याला सर्व्हे नंबर कुठला? मग गोजराबाईंनी तिथे त्या जागेचं नाव घालायला लावलं. धोंडी खैरेच्या घराची जागा: चिंचबांध. गोजराबाईंची: बुडकी विहीर. काळूची: मारुतीचा उंबरा, जिथे उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाची पायरी तराफ्याच्या काठीला लागते. जुन्या गावातलं ज्याचं शेत जिथे बुडालं, त्याचं जाळं तिथेच. शेत विकलेल्याने दुसऱ्याच्या शेतावर जाळं टाकायचं नाही. ज्याला मुलगा नाही त्याच्या लेकीला ती जागा. हे सगळं सदतीस वर्षं तुम्ही डोक्यात सांभाळलं आणि त्या चार दिवसांत प्रथमच कागदावर उतरवलं.

मी बोलायला उभा राहिलो तेव्हा गोजराबाई पुढे आल्या आणि गठ्ठा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "मास्तर, हे वाचा. काय चुकलं असंल तर सांगा. उद्या प्रांताकडं द्यायचे."

मी वाचले नाहीत. वरचा एकच पाहिला. त्यावर 'विनंती' असा शब्द होता, आणि त्या शब्दाने माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, जे आपलं आहे ते मागायचं नसतं. अर्ज करणं म्हणजे अभयारण्य कबूल करणं. जो अर्ज करतो तो भिकारी होतो. पुढे मी पंधरावीस मिनिटं बोललो. ते चांगलं झालं होतं, हे मला बोलताना कळत होतं. तेच वाईट. लोक पुढे सरकत होते, पोरं झाडावर चढली होती, आणि माझ्या हातात तो गठ्ठा होता. हातात काही असलं की वक्त्याला त्याचं काहीतरी करावंसं वाटतं.

मी तो फाडला. आधी दोन तुकडे, मग गठ्ठा जाड होता म्हणून थोडेथोडे अर्ज घेऊन. टाळ्या थांबेनात. एक्केचाळीस घरांनी टाळ्या वाजवल्या, असं मी नाशिकला येऊन सांगितलं. ते खोटं आहे. चाळीस घरांनी वाजवल्या. गोजराबाई मला म्हणाल्या, "आता प्रांताला काय दावायचं?" मी म्हणालो, "मनगट दाखवा." त्यालाही टाळ्या पडल्या. लोक हसले. गोजराबाई मीनाला घेऊन घरात गेल्या. त्या दिवसापासून त्या माझ्याशी समोरासमोर बोललेल्या नाहीत, आणि इतके दिवस मी लोकांना सांगत आलो की भाषण त्यांच्या पचनी पडलं नाही.

मुदत संपायला तेव्हा सव्वीस दिवस होते. पुन्हा अर्ज भरता आले असते. पण मास्तरने फाडलेलं पुन्हा भरायचं, याची कुणाला छाती झाली नाही. मी जवळपास असतो तेव्हा माणसं घाबरतात, हे मला खूप आधीच कुणीतरी सांगायला हवं होतं.

हे सगळं मी आजवर कुठे बोललो नव्हतो. दवंडी झाली नाही हे कुभांड मी रचलं, ते तुमच्यासाठी नव्हतं. दवंडी झाली असं ठरलं की पुढचा प्रश्न येतो, मग अर्ज का आले नाहीत? त्या प्रश्नाचं उत्तर मला माझ्या तोंडाने द्यायचं नव्हतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

दिवाकर

---

पंचवटी
१९ मार्च १९९८

गोजराबाई,

धोंडीचं पत्र आलं, ते तुमच्या समोर लिहिलंय असं त्याने म्हटलं आहे. तुम्ही म्हणता की येऊन काय होणार, मास्तर परत भाषण करतील, साहेब परत कागद मागतील, आणि इकडे ठेकेदार गेलेल्या माणसाची जागा ठेवत नाही. काळू म्हणतो, तिकडची मजुरी तरी आठवड्याला हातात पडते. काळूला दोष देत नाही. माझ्या शब्दावर भरवसा ठेवून त्याने एकदा जाळं गमावलं आहे.

म्हणून यावेळी शब्द देत नाही, केलेलं सांगतो.

परवा मी प्रांतसाहेबांना लेखी जबाब दिला. दवंडीची तक्रार खोटी होती, ती मागे घेतो. अर्ज मुदतीत भरले होते, ते मी सभेत फाडले. गौरांग दोन तास मला समजावत होता. "सर, हे लिहून देऊ नका. उद्या वर्तमानपत्रात येईल. चळवळीचं नाव जाईल." चळवळ म्हणजे मी, हे त्याने मला जवळजवळ पटवलं होतं. मग मला चौकीमागच्या तुमच्या तराफ्यांवरच्या त्या बकऱ्या आठवल्या आणि मी सही केली. वर्तमानपत्रात आलंच. 'ज्येष्ठ वक्त्यानेच फाडले कोळ्यांचे अर्ज.' मथळा चांगला आहे. मी दिला असता तर असाच दिला असता. खालच्या मजल्यावरच्या मालिनीबाई रोज माझ्याकडून पेपर नेतात, त्या दिवशी त्यांनी स्वतः विकत घेतला. माझ्यावर काय शेकायचं ते शेकू दे, त्याची दया नको. ज्यांनी तुमचं पाणी नेलं त्यांना कुठल्याच पेपराने मथळा दिला नाही, राग त्याचा करा.

पण माझ्या जबाबाने काम होत नाही. प्रांतसाहेबांनी तो वाचला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, "फाडणाऱ्याने सांगितलं. फाडण्यापूर्वी त्यात काय लिहिलं होतं, ते कोण सांगणार?" मी म्हणालो, "मी वाचले नव्हते." ते म्हणाले, "तेच तर."

वनखात्याचा माणूस शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "साहेब, या लोकांच्या जागाबिगा काही नसतात. मासा दिसला की जाळं टाकतात." ऐकताय ना, गोजराबाई? तुमच्या बापाने, तुमच्या सासऱ्याने, पाण्याखालचा बांध काठीने चाचपत एकमेकांची हद्द सांभाळली, कोर्टात न जाता, मारामारी न करता, आणि हा माणूस म्हणतो की तुम्ही भटक्या मांजरासारख्या माशामागे फिरता. मी तोंड उघडलं, आणि आयुष्यात प्रथमच मिटलं. त्याला द्यायचं उत्तर तापीच्या काठावर पत्र्याच्या शेडमध्ये बसलं आहे, आणि रोजंदारीवर दुसऱ्याचे मासे निवडतं आहे.

या तलावातून गेल्या वर्षापर्यंत सिन्नरच्या बाजारात मरळ यायचा, तो गरिबाच्या ताटात जायचा. आता तिथे बर्फातला मासा येतो, दुप्पट भावाने, आणि ढाब्यावर दुर्बिणवाले तो खातात. पाखरांना तुमचा त्रास झाला असता तर ती सदतीस वर्षं तिथे आली नसती. ज्याचा त्यांना त्रास होतो तो कारखाना अजून रोज धूर सोडतो. तुम्ही तिथे होता तोवर काळं पाणी आलं की धोंडी बोंब मारत तहसीलात जायचा. तुम्ही गेल्यावर ते पाणी बघायला कुणी नाही. म्हणजे तुमच्याबरोबर त्यांनी पाखरांचा पहारेकरीही हाकलला. हे मी त्यांना नाही समजावू शकलो. तुम्ही होडीत बसून दाखवलं तर त्यांना समजावून घ्यावं लागेल, कारण ते त्यांना लिहून घ्यावं लागेल.

येण्याची व्यवस्था अशी. पुढच्या शनिवारी, २८ तारखेला पाडवा आहे, ठेकेदार त्या दिवशी काम बंद ठेवतो असं मीनाने मागे लिहिलं होतं. पाडव्याला संध्याकाळी नवापूरला या, तिथून नाशिकची रात्रीची एसटी आहे. रविवारी सकाळी नाशिकच्या सीबीएस स्टँडवर गेणू उभा असेल. तो स्वतःहून म्हणाला, मी सांगितलेलं नाही. माझ्या घरी उतरायला सांगत नाही, तुम्हाला आवडणार नाही. सखुबाईकडे तुमची सोय आहे. मीनाला आणा, कारण अर्ज तिच्या हाताने भरले. काळूला आग्रह करू नका, तुम्हाला पाहिलं की तो मागोमाग येईल.

सोमवारी प्रांतसाहेब विचारतील ते सांगा. साहेबांना भिऊ नका, आणि सोपं करून सांगायला जाऊ नका. तुम्ही वाडीत बोलता तसंच बोला. बुडकी विहीर कुठे, चिंचबांध कुठे, कुणाचा बाप कुठे जाळं टाकायचा, कुणाच्या लेकीला कुठली जागा गेली. वनखात्याचा माणूस मध्ये बोलला तर त्याच्या हातात काठी द्या आणि म्हणा, खाली टेकव, पायरी लागते का बघ.

मी काठावरही नसेन. मी असलो की लोक माझ्याकडे बघतात.

आणि ते विचारतील, मग मुदतीत अर्ज का नाही केला? तेव्हा तुम्ही थांबाल, कारण माझ्याबद्दल वाईट बोलायचं तुमच्या जिभेवर येत नाही. माझ्या तोंडावर तुम्ही कधी काही बोलला नाहीत, घरात निघून गेलात. या वेळी तसं करू नका. तिथे दया दाखवली तर एक्केचाळीस घरांचं नुकसान आहे. सांगा की भरले होते, प्रत्येक अर्जात पाण्याचं नाव होतं, आणि मास्तरने ते न वाचता फाडले. हे तुमच्या तोंडून आलं तरच त्या अर्जांना किंमत आहे, नाहीतर ते माझ्या भाषणातले कागद राहतील.

सोमवार, ३० मार्च, सकाळी दहा, हिंगणदऱ्याची वनचौकी. या, आणि माझ्याविरुद्ध साक्ष द्या.

दिवाकर